नागलीची पुरचुंडी

फेब्रुवारी लागला की गंगापूर रोडवर द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात. हिरवी, लांबट, अंगावर धुरकट थर असलेली द्राक्षं, मधूनच एखादी काळ्या घडांची रास. गाडीवाला एक घड उचलून माझ्यासमोर धरतो, "घ्या बाई, निव्वळ साखर आहे," म्हणतो, आणि मी मान हलवून पुढे जाते. त्याला वाटतं मला मधुमेह आहे. माझ्या भाचीला वाटतं, वय झालं की माणसं एकेक गोष्ट उगाच सोडत जातात, तशी मी द्राक्षं सोडली. मी दोघांनाही तसंच वाटू देते.

खरं तर नाशिकचा हा हंगाम देखणा असतो. सकाळी शाल लागते, दुपारी ऊन चावतं, आणि दिंडोरीकडून वारा आला की त्यात बागांवर मारलेल्या औषधाचा, गंधकाचा वास असतो. इथल्या माणसांच्या तो इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यांना येतही नाही. मला येतो. कपाटातल्या साड्यांना येतो, उशीला येतो. याच हंगामात, अशाच एका दुपारी, एका फाटकात उभी राहून मी एका आईला खोटं सांगितलं होतं. तिची पोर माझ्या मागच्या खोलीत रडत होती आणि मी सांगितलं, ती गेली.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरी मी एकटीच. दर शनिवारी दुपारी शहराबाहेरच्या एका अनाथालयात जायची. परदेशातून मूल दत्तक घ्यायला जोडपी यायची, त्यांची पत्रं यायची, त्या पत्रांना उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे होतं. संस्थेच्या ताईंना इंग्रजी लिहायचा कंटाळा आणि मला माझं इंग्रजी मिरवायची हौस, त्यामुळे आमचं छान जमायचं. आता ती संस्था राहिली नाही, ताईही राहिल्या नाहीत. दोष घ्यायला मी एकटी उरले आहे, आणि ते बरंच आहे.

पारू आली ती दिवाळीनंतरच्या शनिवारी. सुरगाण्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. पाऊसकाळात उतारावर नागली, म्हणजे नाचणी, आणि भात करायचा, दिवाळी झाली की टोळीनं खाली द्राक्षबागांत यायचं आणि शिमग्याला परत वर जायचं, असं त्या माणसांचं वर्ष. याला ती 'जगायला जाणं' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो शब्द फार काव्यमय वाटला होता. माझी अक्कल एवढीच.

पाच महिन्यांची पोर तिनं पाठीशी बांधून आणली होती. पोर खोकत होती. बागेत औषधाची फवारणी चालू, मालकानं सांगितलेलं की पोर द्राक्षांच्या मांडवाखाली दिसायला नको. पारूचा माणूस तिला सोडून गेलेला, आणि ज्या आईकडे तिनं पोर ठेवली असती ती आई त्याच पावसाळ्यात वारलेली. कुणीतरी तिला आमचा पत्ता सांगितला होता.

"ठेवून घ्या बाई," ती म्हणाली. "खोकला लय हाय. माझ्याजवळ राहिली तर मरंल."

मग तिनं ओच्यातून एक पुरचुंडी काढली आणि ताईंच्या टेबलावर ठेवली. विटक्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गाठ मारून बांधलेली, नारळाएवढी.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"नागली हाय. तिच्या खाण्याची. तुमच्यावर वझं नको."

ताई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. बिचारी, असं काहीतरी मी मनात म्हटलं असेल. डोंगरात मूल कुणाकडे ठेवायचं झालं तर त्याच्या वाटचं धान्य बरोबर द्यायची पद्धत आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी, पेठच्या एका शिक्षिकेकडून कळलं. ठेवायचं म्हणजे ठेवायचं. हंगाम सरला की घेऊन जायचं. कायमचं देऊन टाकायच्या मुलाबरोबर कुणी शिधा देत नाही. हे कळायला पेठची शिक्षिका तरी कशाला हवी होती? टेबलावर सरळ समोर ठेवलेलं होतं ते. बीए, बीएड झालेल्या मला ते वाचता आलं नाही.

कागद मात्र मी अस्खलित वाचला. कारकून रजेवर होता, म्हणून ताई म्हणाल्या, "बाई, तुम्हीच वाचून दाखवा." मी चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचते तशी वाचत गेले. पालकत्वाचे सर्व हक्क, स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय, दोन महिन्यांच्या मुदतीत विचार बदलल्यास. पारू माझ्या तोंडाकडे बघत होती आणि एका हातानं पोरीला थोपटत होती.

"कळलं ना?" मी विचारलं.

"हां बाई."

वीस वर्षं मी वर्गात 'कळलं का' विचारत आले होते. 'हो' म्हणणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांना काहीही कळलेलं नसतं, हे मला त्या दुपारच्या आधीही चांगलं माहीत होतं. तरी मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तिनं अंगठा उठवला, शाई केसांना पुसली आणि पोर माझ्या हातात दिली.

"नाव काय हिचं?"

"बुधी. बुधवारची हाय."

बुधी हे काय नाव झालं, असं मला वाटलं. रजिस्टरात मी 'मीरा' लिहिलं. साहेब लोकांना उच्चारायला सोपं जाईल, हाही विचार होता त्यात. पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली आणि तिथेच राहिली. आमच्याकडे मुलांना डब्यातली दुधाची पावडर असे, नागली कोण रांधत बसणार?

त्या थंडीत मीरा बसायला लागली. खोकला गेला, गालांवर तुकतुकी आली. मी शनिवारी गेले की ती माझ्या चष्म्यावर झडप घालायची. मग मी बुधवारीही जाऊ लागले, मग शाळा सुटली की रोजच. तिला ऊन दाखवायची, तेल लावायची, बडबडगाणी म्हणायची. चाळिशी उलटून गेलेली बाई मी, माझ्या मांडीवर पहिल्यांदाच कुणी इतकं निर्धास्त झोपत होतं. मला तिचा लळा लागला होता असं म्हणणं फार सभ्य होईल. मी वेडी झाले होते. मला ती मिळणार नव्हती, मी कधी मागितलीही नाही, तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. पण ती 'चांगल्या घरी' जावी याचा मी ध्यास घेतला. डेन्मार्कच्या किर्स्टन आणि येन्स या जोडप्याला मी इतकी सुंदर पत्रं लिहिली की ती वाचून कुणीही विमानात बसलं असतं. कागदही भराभर हलले. हलवणारी माणसं मागे लागली की त्या काळात ते हलत. दोन महिन्यांची मुदत संपली, कोर्टाचा हुकूम झाला आणि तिकिटांची तारीख कळली.

आणि त्या तारखेच्या आठ दिवस आधी पारू आली.

शिमगा पंधरा दिवसांवर होता. ऊन टळटळीत होतं. चौकीदारानं येऊन सांगितलं, सुरगाण्याची बाई आली आहे. ताईंनी कपाळाला हात लावला. "हुकूम झालाय, बाई. आता काही होत नाही. तुम्ही जाऊन सांगा, गेली म्हणावं. नाहीतर रोज येऊन बसेल फाटकात."

ताईंनी सांगितलं म्हणून गेले, असं मी बरीच वर्षं स्वतःला ऐकवलं. तसं नव्हतं. मला वकिलाला फोन करता आला असता. तिला आत आणून बसवता आलं असतं. जोडप्याला तार करता आली असती. मला ते करायचंच नव्हतं. त्या गुटगुटीत झालेल्या पोरीला परत त्या पाठीवर, त्या औषधाच्या वासात जाऊ द्यायचं नव्हतं. आई कोण आणि बाई कोण, हे त्या दुपारी मी ठरवलं.

पारूचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळवंडलेले होते. हंगामभर या बायका मांडवाखाली हात वर धरून उभ्या असतात, एकेक घड औषधाच्या मगात बुडवतात. अंगावर नवं लुगडं होतं, मुलीला न्यायला म्हणून नेसलेलं. काखेत एक टोपडं होतं, लाल.

"हंगाम सरला बाई. पोरीला न्यायला आले. येळ लागला, मुकादम सोडत नव्हता."

"ती गेली, पारू," मी म्हणाले. "तुला कागद वाचून दाखवला होता ना? चांगल्या लोकांनी नेली. लांब."

"लांब म्हंजी? गुजरातेत?"

"त्याच्याही पुढे. समुद्रापलीकडे."

तिनं थोडा विचार केला. "मग पाऊसकाळ झाल्यावर आणतील?"

"नाही."

तेवढ्यात आत मीरा रडायला लागली. दुपारच्या झोपेतून उठली की ती अशीच रडायची, आधी एक लांब हेल आणि मग थांबून थांबून. पारूनं मान वळवली.

"कोण रडतंय बाई?"

"दुसरी आहे."

"माझ्या पोरीवानीच रडती."

"सगळी पोरं सारखीच रडतात," मी म्हणाले.

ती ऐकत उभी राहिली. मीही ऐकत उभी राहिले. आत कुणीतरी मीराला उचललं असावं, आवाज थांबला. पारूनं टोपड्याची घडी केली, उलगडली, परत केली.

"नागली खाल्ली का तिनं?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "पुढच्या हंगामाला पुसते मग." आणि पेठ रोडच्या दिशेनं चालायला लागली.

संध्याकाळी निघताना मी फळीवरची पुरचुंडी पिशवीत घातली आणि घरी नेली. का, ते सांगता येत नाही. चोर मुद्देमाल लपवतात, तसंच काहीतरी असावं.

आठ दिवसांनी किर्स्टन आणि येन्स आले. माणसं मनापासून चांगली होती, हेही सांगायला हवं. उंच, लाजाळू, दोघांच्या डोळ्यांत सारखं पाणी. किर्स्टननं एक जाडजूड अल्बम आणला होता. मुलीला मोठेपणी तिचा देश, तिची माणसं, तिची संस्कृती कळायला हवी, म्हणून इथलं सगळं त्यांना बघायचं होतं, टिपून घ्यायचं होतं. "तिच्या आईनं तिच्यासाठी काही ठेवलं आहे का?" किर्स्टननं पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही."

मग त्यांना संस्कृती दाखवायचं काम मी अंगावर घेतलं, आणि असं घेतलं की विचारू नका. गोदाकाठची देवळं दाखवली. घरी बोलावून पुरणपोळी घातली, वर कटाची आमटी. किर्स्टनला नऊवारी नेसवली, नाकात दाबाची नथ अडकवली, येन्सनं टाळ्या वाजवल्या. सगळी माझी संस्कृती. माझ्या आईची, माझ्या मावशीची. पारूनं जन्मात पुरण वाटलं नसेल, की नथ घातली नसेल. मला ते सुचलंही नाही असं म्हणवत नाही. सुचत होतं, म्हणून तर मी जास्त बोलत होते.

एक दिवस भाड्याच्या गाडीनं येवल्याला गेलो. विणकराच्या घरात मागावर पैठणी चढलेली होती, पदरावर मोर उमलत होते. मीरा किर्स्टनच्या मांडीवर होती, तिनं जरीकडे हात टाकला आणि सगळे हसले. किर्स्टननं मीराच्या लग्नासाठी म्हणून जांभळी पैठणी घेतली. येताना निफाडच्या अलीकडे येन्सनं गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या बागेत दहाबारा बायका मांडवाखाली उभ्या होत्या, हात वर, डोक्यांना फडकी. एकीचं पोर बांधावर धुळीत बसलं होतं.

"या कोण?" त्यानं विचारलं.

"मजूर," मी म्हणाले. "बाहेरून येतात, हंगाम संपला की जातात."

त्यानं फोटो काढला. त्यातल्या एका बाईनं वळून गाडीकडे बघितलं. ती पारू नव्हती. मी ड्रायव्हरला म्हटलं, चला, उशीर होतोय.

मीरा गेली. मी विमानतळावर गेले नाही, डोकं दुखतंय असं सांगितलं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पारू फाटकात आली. मी आतल्या खोलीत बसून राहिले आणि चौकीदाराकडून निरोप पाठवला की बाई गावाला गेल्यात. त्याच्या पुढच्या वर्षीही ती आली, तेव्हाही मी गावालाच गेलेली होते. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता बाहेर जायचं. त्या वर्षी ती आली नाही.

डेन्मार्कला मात्र मी दरवर्षी पार्सल पाठवत राहिले. रांगोळीचे रंग, मोदकाचा साचा, माझ्या आवाजात भरलेल्या गाण्यांच्या कॅसेट. तिकडून फोटो येत. गुढीशेजारी मीरा, परकर-पोलक्यात मीरा, बर्फात टिकली लावलेली मीरा. वर्गातल्या हुशार मुलीचा पेपर बघावा तसं मला बरं वाटायचं, आणि मग दोन दिवस जेवण जायचं नाही.

गेल्या फेब्रुवारीत ती आली, आईवडिलांबरोबर. चौदा वर्षांची, ताडमाड, काळीसावळी, पारूसारखीच रुंद जिवणी. दारातच वाकून नमस्कार केला, "कशा आहात आजी?" म्हणाली. कॅसेटवरचं, माझंच मराठी. पुढचं सगळं आम्ही इंग्रजीत बोललो. किर्स्टन आणि येन्स दुपारी हॉटेलवर आराम करायला गेले आणि मीरा माझ्याकडे थांबली. तिनं अल्बम आणला होता. पानं उलटत ती मला दाखवत होती, हा घाट, ही नथ, हा विणकर. मध्येच थांबली. निफाडजवळचा तो फोटो. खाली किर्स्टनच्या अक्षरात लिहिलेलं, 'वाटेत'.

"आजी, लहानपणापासून मी हे पान सगळ्यात जास्त बघते," ती म्हणाली. "बाकीच्या कुणासारखी मी दिसत नाही. यांच्यासारखी दिसते. या कोण आहेत?"

बाहेर गाडीवाला ओरडत होता, साखर आहे, साखर. मजूर, असं पुन्हा एकदा म्हणता आलं असतं. चौदा वर्षं पाठ केलेलं होतं.

"ही तुझी माणसं," मी म्हणाले.

आणि मग सांगितलं सगळं. बुधी हे नाव सांगितलं. कागद कुणी वाचला ते सांगितलं. टोपडं लाल होतं तेही सांगितलं. सांगताना मी रडले नाही, तो हक्क मला नव्हता. उठून कपाटातून पुरचुंडी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. नागलीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. गाठ मी कधी सोडली नव्हती.

मीरानं ती दोन्ही हातांत घेतली. कानाशी नेऊन हलवली, आत दाणे सळसळले.

"ही गाठ तिनं मारलेली?"

"हो."

"ती न्यायला आली तेव्हा मी कुठे होते?"

"आत. मागच्या खोलीत."

"झोपलेली?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही. रडत होतीस. तिनं ऐकलं."

ती गाठीवरून बोट फिरवत राहिली, सोडली मात्र नाही. मग पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवली आणि अल्बम मिटला.

"ही तुमच्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "ती भेटली तर तिला दाखवा. आणि तिला खरं सांगा, की मी खाल्ली नव्हती."

जाताना तिनं नमस्कार केला नाही. येन्सचं एक पत्र आलं, दोन ओळींचं, यापुढे पार्सल पाठवू नये म्हणून.

सुरगाण्याला मी तीनदा जाऊन आले. पारू नावाच्या बायका पुष्कळ भेटल्या. रजिस्टरात तिच्या पाड्याचं नाव लिहिलेलं नव्हतं, ते लिहून घ्यायचं कामही माझंच होतं. आता हंगाम सरत आला की मी सकाळी पेठ नाक्यावर जाऊन उभी राहते. टोळ्या परत जायला निघालेल्या असतात, जीपच्या टपावर बोचकी, बायकांच्या काखेत पोरं. चाळिशीकडे झुकलेली, रुंद जिवणीची बाई दिसली की मी पुढे होते आणि पिशवीतून पुरचुंडी काढून दाखवते. त्या बघतात, हाताळतात. "नागली हाय," म्हणतात. "कुणाच्या पोराची?" विचारतात. मी सांगायला लागते, तोवर जीप सुटते.

शिमगा पंधरा दिवसांवर आला आहे. उद्याही जाईन.